मधला भाग

पाळण्यापासून माझ्या टेबलापर्यंत अकरा पावलं. झोपलेल्या बाळाला खाली ठेवून चोरपावलांनी परतताना डोक्याला दुसरं काम नसतं, म्हणून मी ती रोज मोजायचे. सहाव्या पावलाखालची फळी कुरकुरते. ती ओलांडली की सुटले. मग टेबल, खिडकीतला दुपारचा उजेड, आणि चिमणी उठेपर्यंत मिळतील ती चाळीस-पन्नास मिनिटं. चिमणी म्हणजे माझी लेक, तेव्हा साडेचार महिन्यांची.

त्या मिनिटांत मी एका प्रवासी जहाज कंपनीचा इतिहास लिहीत होते. कंपनीला पन्नास वर्षं होत होती, त्यांना गुळगुळीत पानांचं जाडजूड पुस्तक हवं होतं, आणि बाळंतपणानंतर मला मिळालेलं ते पहिलंच काम होतं. सहा खोकी भरून कागद घरी आले. माणसं पैलतीरी पोचवणारी एक जुनी बोट, ती स्वतः चालवणारा संस्थापक, मग पहिलं खरं जहाज, मग दोन, सात, एकोणीस. आता त्यांच्या जहाजांवर झाडांची बाग असते आणि तिथे हरवलेल्यांसाठी पाट्या लावलेल्या असतात.

"लेकीचं वजन आणि त्यांच्या जहाजांचं वजन एकाच वहीत लिहितेस," ताई म्हणायची. "एक दिवस घोळ घालशील बघ."

सगळ्यात रंगतदार प्रकरण पहिल्या जहाजाचं. प्रवासी वाढले तेव्हा त्यांनी नवं जहाज न घेता आहे तेच लांब केलं. सुक्या गोदीत उभं करून ते मधोमध कापलं, पुढचा अर्धा भाग रुळांवरून पुढे ओढला, आणि दुसरीकडे तयार केलेला पंचवीस मीटरांचा मधला भाग त्या फटीत बसवून दोन्ही बाजूंनी जोडून टाकला. त्या दिवसाचा एक फोटो आहे. कापलेल्या पोटात खालच्या मजल्याचा बोळ उघडा दिसतो. ओळीने दारं, आणि एका केबिनमध्ये खिळ्याला अडकवलेलं लहानसं झबलं.

त्याच फायलीत गालिचे बसवणाऱ्या कारागिराची टिपणं होती, पेन्सिलीने लिहिलेली. "खालचा मजला, डावा बोळ. नकाशाप्रमाणे कापलेला गालिचा एक पाऊल कमी." पाच वर्षांनी गालिचा बदलला तेव्हा: "मागच्या खेपेला प्रत्यक्ष मोजून घेतलं होतं. तरी एक पाऊल कमी." त्यापुढच्या पाच वर्षांनी पुन्हा तेच. शेवटच्या टिपणात मोजमाप नव्हतंच. फक्त एवढंच: "जहाज बाहेरून तेवढंच आहे."

गालिचेवाले काका आता ऐंशीच्या घरात होते. चिमणीला घेऊन मी आणि ताई त्यांच्याकडे गेलो. खोली नीटनेटकी, जमीन मात्र उघडी. सतरंजीचा तुकडासुद्धा नाही.

"मोजण्यात चूक झाली असेल, काका."

"एकदा होईल."

"मग कंपनीला कळवलं नाहीत?"

"कळवलं की. म्हणाले, यापुढे थोडा जास्तच मागवत जा."

ते हसले नाहीत. चिमणीकडे बघत राहिले. "किती महिन्यांची?"

"साडेचार."

"तिचंही तेवढंच होतं." मग म्हणाले, "केबिनी आवरणारी एक बाई होती. अंगावरचं बाळ सोडून येणार कशी, म्हणून कप्तानाने तिला टोकाची केबिन दिलेली. लांब केलेल्या जहाजाची पहिलीच फेरी. ही बोळाच्या दुसऱ्या टोकाला चादरी बदलत होती. बाळ रडलं, तशी हातातलं टाकून निघाली."

"पोचली?"

"पोचली ना." त्यांनी बाहीचा एक सुटा धागा ओढला. "बाळ दाराला धरून उभं होतं."

"साडेचार महिन्यांचं?"

"ती निघाली तेव्हा."

जिना उतरताना ताई म्हणाली, "एकटा माणूस आहे गं. ऐकायला कोणी बसलं की सुचत जातं." मलाही ते पटलं. पुस्तकाच्या समासात एक गंमत म्हणून चालेल, असा विचार करत मी घरी आले.

ते जहाज आता बंदराच्या धक्क्याला कायमचं बांधून ठेवलं आहे, लोकांना बघायला. मंगळवारी सकाळी आम्ही तिघी गेलो. चिमणीच्या पायात ताईने विणलेले लोकरीचे मोजे होते, दोन बोटं मोठे. धक्क्यावर दोनदा गळून पडले आणि दोनदा मी ते उचलून घातले.

खालच्या मजल्यावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. विटकरी गालिचा, पितळी आकडे, पॉलिशचा वास, दोन्ही टोकांना एकेक गोल खिडकी. बाबागाडी एका टोकाला लावून मी म्हटलं, "तू थांब हिच्याजवळ. मी मोजून येते."

"जा बाई. टेप विसरू नकोस हं, इंजिनीअरसाहेब."

मी पावलांनीच मोजलं. जोड कुठे आहेत ते पायांना कळत होतं, गालिच्याखाली बोटभर उंचवटा. पहिला जोड, दुसरा जोड, मग शेवटची दारं. एकशे अडतीस पावलं. दुसऱ्या टोकाच्या खिडकीला हात लावून मी वळले. लांबवर ताई दिसत होती, शेजारी निळी बाबागाडी.

चिमणी रडायला लागली.

मी निघाले. भुकेचं रडणं नव्हतं ते, आई दिसेनाशी झाली की सुरू होतं ते. त्या आवाजाने अंगात दूध उतरलं. पहिला जोड ओलांडला. दारं मागे जात होती. एकशे दहा. एकशे वीस.

एकशे अडतीस.

बाबागाडी तेवढीच लहान दिसत होती.

मी मोजणं सोडलं. पळाले नाही. पळाले असते तर काकांचं खरं मानल्यासारखं झालं असतं. झपझप चालत राहिले. दारं येत होती आणि जात होती, आणि दुसरा जोड काही पायाखाली येत नव्हता. रडण्याचा आवाज मोठा होत नव्हता, लहानही होत नव्हता.

मग मी पळाले.

मध्येच रडणं थांबलं. थांबलं ते जास्त वाईट होतं.

पायाला उंचवटा लागला.

आणि ताई अगदी समोर उभी होती, हाताच्या अंतरावर.

"दोन मिनिटांत आलीस आणि धापा काय टाकतेस?" ती म्हणाली. "रडली जराशी. मोजे काढले बघ मी तिचे. पायाला काचत होते."

मोजे बाबागाडीच्या दांडीवर लटकत होते. चिमणीच्या घोट्यांवर लोकरीचे लाल वळ उठले होते. मी तिला उचललं. हातांचा तिच्या वजनाचा अंदाज चुकला. तिच्या तोंडात बोट घातलं. खालच्या हिरडीत दोन दात होते.

"काही मुलं भरभर वाढतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चिमणीच्या वाढीच्या तक्त्यावरची रेघ त्यांनी दोनदा तपासली आणि पेन ठेवून दिलं.

कंपनीच्या मोठ्या साहेबांना मी फोन केला. टिपणांबद्दल सांगितलं, बाईबद्दल विचारलं. ते शांतपणे ऐकत होते. "ते वगळा," म्हणाले. "वाढ म्हटली की मोजमाप थोडं इकडेतिकडे व्हायचंच." त्यांनी ती बाई कोण, असं विचारलं नाही.

सहाही खोकी मी परत पाठवली. काम गेलं. जाऊ दे म्हटलं. दुपारी लेक झोपली की तिच्याशेजारी पडून राहायचं, तिचे श्वास ऐकायचे, एवढंच आता करायचं ठरवलं.

गुरुवारी तिला पाळण्यात ठेवून पाणी प्यायला उठले. फळी सातव्या पावलाला कुरकुरली.

शुक्रवारी लक्षात आलं, खोलीतला लांबट गालिचा उंबऱ्यापर्यंत पोचत नाही. आधी पोचायचा. मध्ये तळहाताएवढी जमीन उघडी पडली होती. बाकी फळ्यांना चरे आहेत, चहाचे डाग आहेत. त्या पट्टीला काहीच नव्हतं. कधीच कोणी तिच्यावर चाललं नसावं अशी.

बाळाच्या बाबांनी टेप लावली. खोली तेवढीच भरली. "झोप होत नाही तुझी," ते मायेने म्हणाले, आणि ते खरंच आहे.

आता टेबल पाळण्याला लावूनच ठेवलं आहे. टेबलाच्या, खुर्चीच्या, पाळण्याच्या पायांभोवती मी खडूने गोल काढले आहेत. रोज बघते. कुठलाही पाय गोलाबाहेर गेलेला नाही. चिमणी झोपली आहे. तिचे केस मानेवर आले आहेत.

डावा हात पाळण्याच्या कठड्यावर ठेवून मी हे लिहिते आहे. परवा लिहायला बसले तेव्हा कोपर वाकलेलं होतं. आज हात पूर्ण सरळ करावा लागतो आहे.

अजून पोचतो.