काटा चारवर होता

सिद्धेश्वर हंगरगेकर बेंबळीच्या तेलगिरणीत शिरला, तेव्हा अंगणात बब्रुवान नावाच्या गिरणीतल्या गड्याला खांबाला बांधून चौघं काठ्यांनी झोडपत होते.

"थांबा," तो म्हणाला. कुणी थांबलं नाही. मग त्याचा सोबती बिभीषण पुढं झाला. तालमीतला गडी, डोकं सावकाश चालायचं, हात मात्र चपळ. त्यानं एकाची काठी हिसकून गुडघ्यावर मोडली. बाकीचे मागं सरले.

आदल्या सांजेला गिरणीमालक धोंडप्पाचा घाणाखोलीत खून झाला होता. बायको नीलम्मानं सोलापूरहून सिद्धेश्वर या खाजगी गुप्तहेराला बोलावून घेतलं. निजाम सरकारचा पोलीस अमीन उस्मानाबादेहून अजून यायचा होता. तोवर धाकट्या भावानं, शिवप्पानं, गुन्हेगार ठरवूनही टाकला होता.

"गेल्या महिन्यात याची बोटं घाण्यात गेली," शिवप्पा म्हणाला. "तवापासून दादाच्या जिवावर उठला होता. पेंडीच्या खिडकीतनं शिरला असंल."

"तुम्ही कुठं होता?"

"शेजारच्या खोलीत पोती शिवीत. मधी नुसता पत्रा हाय, पण घाण्याची मोटर घरघरत होती. दादा वरडला असंल तरी ऐकू आलं न्हाय."

बब्रुवानच्या तोंडातून रक्त गळत होतं. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. "म्या मोटर बंद करूनच हात घातला होता," तो पुटपुटला. "ती मागनं कुणी चालू केली, हे मालकास्नी इचारलं. मारलं न्हाय म्या."

घाणाखोलीत धोंडप्पा पेंडीच्या ढिगाऱ्यावर पडला होता. कवटी तीन ठिकाणी फुटली होती. शेजारी रक्तानं माखलेली जाड पहार.

"एका हातानं डोक्यावर उगार," सिद्धेश्वर म्हणाला. बिभीषणनं जोर लावला. पहार छातीपर्यंत आली आणि कलंडली.

"दोन हात लागतात, मालक."

सिद्धेश्वरनं मोटरीवरची पितळी पट्टी वाचली: ११० व्होल्ट, २० अँपिअर. मग गिरणीभर फिरून दिवे पाहिले. अकरा दिवे, प्रत्येकी चाळीस वॅटचा.

इंजिनाची शेड अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. तिथल्या डायनामोवरच सगळी गिरणी चाले. इंजिनवाला अण्णाराव तक्त्यावरचे दोन काटे दाखवत म्हणाला, "काल दिवे लागले तवापासनं बोंब उठंपर्यंत म्या इथंच होतो. व्होल्ट एकशे दहा, अँपिअर चार. काटा हललाच न्हाय."

"तुम्हाला कुणी पाहिलं?"

"मी," नीलम्मा म्हणाली. "इंजिनाचं ऊन पाणी न्यायला आले होते. दिवे लागल्यावर हे माझ्यासमोरनंच घाण्याकडं गेले. 'एकाला जाब विचारायचाय,' एवढंच बोलले. मी परत आत गेलेच नाही, इथंच वाट बघत बसले."

"अक्का, मोटर सुरू झाली की इथला दिवा कसा होतो?"

"दबतो. सांजेला दबला नाही."

सिद्धेश्वरनं सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. अकराही दिवे लावायला सांगितले. काटा चारवर गेला.

"चाळीस वॅटचे अकरा दिवे म्हणजे चारशे चाळीस वॅट," तो म्हणाला. "एकशे दहा व्होल्ट गुणिले चार अँपिअर, तेही चारशे चाळीसच. सगळी वीज दिव्यांतच संपली. मोटरीला काय उरलं?"

"मोटर रिकामी फिरत होती," शिवप्पा म्हणाला. "रिकामीला कमी लागती."

"कमी लागते, पण शून्य नाही. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध मिळतो. एकशे दहा भागिले चार, साडेसत्तावीस ओहम. हा निव्वळ अकरा दिव्यांचा रोध. मोटर जोडली असती तर विजेला आणखी एक वाट मिळाली असती, रोध उतरला असता आणि काटा चढला असता. बिभीषण, घाणाखोलीतला खटका दाब."

तो अंगण ओलांडून गेला. काटा उसळून वर गेला, शेडमधला दिवा दबला.

बिभीषण परत आला. "मग काल मोटर बंदच होती व्हय?"

"बंद. अण्णाराव आणि अक्कांच्या कानाशी इंजिन धडधडत होतं, त्यांना किंकाळी ऐकू येणं शक्य नव्हतं. बब्रुवानला पहार उगारता येत नाही. पत्र्यापलीकडच्या माणसाला मात्र प्रत्येक घाव ऐकू आला असता. त्यानं मोटरीची थाप मारली, कारण घाव घालणारा तोच. शिवप्पा, जाब तुमच्याकडंच मागायचा होता ना? बब्रुवानचा हात आत असताना मोटर कुणी चालू केली, याचा?"

शिवप्पानं इंजिनाचा लोखंडी दांडा उचलून सिद्धेश्वरच्या डोक्यावर उगारला. बिभीषणनं हात मधे घातला. हाड मोडून हात लटकला. दुसऱ्या हातानं त्यानं शिवप्पाची मानगूट धरून त्याला जमिनीवर आपटलं.

"भावापरीस गडी मोठा झाला होता त्याला," शिवप्पा रक्त थुंकत म्हणाला. "अमिनाला सांगणार होता. माझ्या इरुद्ध."

आता काठ्या त्याच्याकडं वळल्या. नीलम्मानं अंगणात जाऊन बब्रुवानचे दोर सोडले होते. तो खुरडत शेडच्या दारात आला.

"मारू नगा," तो म्हणाला. "जिता ठिवा. माझी बोटं कशापायी घेतली, ते अमिनाम्होरं त्याच्या तोंडनं ऐकायचंय मला."

काठ्या खाली आल्या.