मुंगीने वाट पाहिली

"मुंगे, तळ्यावर पोचलो की टोपी हलवतो हं! इथून बघ!" असं ओरडत जिराफाने सायकल फाटकातून आत घातली.

"अरे शहाण्या, तळं इथून दिसतं का कधी?" रेडिओ त्याच्या मागून निघाली, पण लगेच ब्रेक दाबून थांबली. "मुंगे, तू रागावली नाहीस ना? म्हणजे आम्ही थांबलोच असतो, पण काल थोडा वेळ थांबलो, परवा थोडा वेळ थांबलो, आणि आता सुट्टी संपत आली, आणि जिराफ म्हणाला..."

"जा गं तू! मी मजेत आहे."

दोघंही वळणाआड गेली. रेडिओचा आवाज मात्र त्यानंतरही बराच वेळ ऐकू येत होता. मग तोही थांबला, आणि मजेत असलेली मुंगी फाटकाजवळच्या कट्ट्यावर एकटी उरली.

ही तिघांची टोपणनावं. जिराफ तिचा मामेभाऊ. त्याची सगळी उंची पायांत गेली होती. रेडिओ मामाच्या शेजारी राहायची, आणि झोपली तरच बंद व्हायची. मुंगीला दमा होता. सपाट रस्त्यावर ती कुणालाही हार जायची नाही, पण चढ आला की छातीत शिट्ट्या वाजायच्या. म्हणून यंदा मामाने तिच्यासाठी विजेची सायकल आणली होती. पायडल आपणच मारायचं. मोटार फक्त पाठीवर हात ठेवते, इतकंच!

पण फाटकापलीकडच्या उद्यानातले नियम सारखे बदलत होते. पूर्वी विजेच्या सायकलींना थेट तळ्यापर्यंत मुभा होती. मग हिवाळ्यात तिसऱ्या वळणावर पाटी लागली, 'ई-सायकलींनी येथून परत फिरावे'. या सुट्टीत तिघांनी त्या वळणालाच आपला अड्डा केला. आणि या आठवड्यात थेट फाटकावरच पाटी आली, 'ई-सायकलींना मनाई'. कारण काय, तर त्यांच्या वजनाने पायवाटेत घळ पडली! संध्याकाळी समितीच्या बैठकीत ही मनाई कायमची होणार होती. मुंगीने तळं अजून एकदाही पाहिलं नव्हतं.

तिने काडी उचलली आणि फाटकातल्या वाळूत रोजच्यासारखं घर काढायला घेतलं. मग ती थबकली. कालचं घर कुठे गेलं?

"काकू, इथली वाळू तुम्ही झाडलीत?"

फाटकावरच्या काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काल झाडली, परवा झाडली! रात्री सर आली की सकाळी पुन्हा हजर. माझी कंबर मोडली, पण वाळू काही संपत नाही."

मुंगीने बोटांनी वाळू चाळली. बारीक, धुतलेली, ओली. मग तिने पायवाटेच्या कडेच्या चराकडे पाहिलं. चर कोरडा! त्यात जुनी पानं कुरकुरत होती. आणि पायवाटेवरून मात्र पाण्याची बारीक धार अजून वाहत होती.

पाण्यासाठी केलेला चर कोरडा, आणि पायांसाठी केलेली वाट ओली?

"ही पायवाट कसली, पाणवाट आहे!" ती पुटपुटली. ऐकायला कुणी नव्हतं.

सायकल काकूंच्या हवाली करून ती धारेच्या बाजूबाजूने चालत वर निघाली. पहिल्या वळणावर दम लागला. दुसऱ्या वळणावर छातीत शिट्टी वाजली. खिशातल्या दम्याच्या पंपाचा झुरका घेऊन ती एका दगडावर बसली. झाडं निश्चल होती. इथून परत फिरलं तर कुणाला कळणारही नव्हतं. पण धार अजून वरूनच येत होती. मुंगी उठली.

तिसऱ्या वळणावर धार उजवीकडे वळली आणि पाटीच्या खांबाशी जाऊन संपली. वरून येणारा चर तिथे मातीने आणि दगडांनी गच्च भरला होता. पाणी त्या ढिगाला धडकायचं आणि निमूटपणे पायवाटेवर उतरायचं. ढिगाच्या वर वाट गुळगुळीत होती, खाली घळ!

मित्रमंडळी खाली येईपर्यंत ती तिथेच बसून राहिली.

"तू? इथे? पायी?" रेडिओचे पुढचे शब्द चक्क संपले!

मुंगीने सगळं दाखवलं. जिराफाने शीळ घातली. "चला साहेबांकडे!"

उद्यानाच्या अधीक्षक साहेबांच्या खोलीत भिंतीला जुन्या पाट्या टेकवून ठेवल्या होत्या. सगळ्यात मागे होती 'ई-सायकलींचे स्वागत'. टेबलावर पाट्या सरळ लावायची बुडबुड्याची पट्टी होती. साहेब ती रुमालाने पुसत होते.

"साहेब, घळ सायकलींनी नाही, पाण्याने पडलीय!" जिराफ म्हणाला.

"असं? मग जिथवर ई-सायकली जात होत्या, तिथवरच घळ का? पाटीच्या वर एकही खड्डा नाही. आणखी काय पुरावा हवा?"

क्षणभर मुंगीलाही ते पटल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, सायकली थांबायच्या पाटीपाशी आणि पाणी वाटेवर यायचं तेही पाटीपाशीच!

"एकदा येऊन तर बघा ना," रेडिओ म्हणाली.

"बैठकीची तयारी करायचीय. पळा आता!"

जिराफ आणि रेडिओ दाराकडे वळली. मुंगी मात्र हलली नाही. ती हळूच म्हणाली, "साहेब, तिसऱ्या वळणावरची तुमची पाटी वाकडी झालीय."

"काय? माझी पाटी? वाकडी?" साहेब ताडकन उठले. "शक्यच नाही! बसा जीपमध्ये!"

मागच्या रस्त्याने जीप वळणावर पोचली. साहेबांनी खांबाला पट्टी लावली. बुडबुडा एका बाजूला पळाला. "खरंच की! पाया खचलाय. कशाने?"

"याने," म्हणत मुंगीने वरच्या चरात एक पान सोडलं आणि बाटलीतलं पाणी ओतलं. पान तरंगत आलं, खांबाला धडकलं आणि वळून पायवाटेवर गेलं. "आता हे दगड काढू या?"

साहेबांनी बाह्या सरसावल्या. तिघांनी हात लावला. शेवटचा दगड निघाला तसा चर खळखळला, आणि दुसरं पान थेट चरातून खाली धावलं!

"पण चाकं..." साहेबांनी शेवटचा प्रयत्न केला.

"चाक माती दाबतं, साहेब. ती उचलून फाटकापर्यंत नेत नाही. इथली माती तिथे वाळू होऊन पडते. मी रोज तिच्यात घर काढते, आणि पाऊस झाला की ते पुसलं जातं."

"रोज? एकटीच?"

जिराफ उगाचच आपल्या बुटांकडे पाहू लागला.

साहेबांनी पाटीकडे पाहिलं. "खांबाचा खड्डा खणला तेव्हा माती चरात लोटायला मीच सांगितलं होतं. वाट स्वच्छ दिसावी म्हणून!"

संध्याकाळी बैठक आटोपून ते स्वतः मामाच्या दारात आले. "चर मोकळे करणार. विजेच्या सायकलींना तळ्यापर्यंत परवानगी, मात्र सावकाश. पुढच्या पावसानंतर पुन्हा तपासू. तेव्हा घळ वाढली असेल, तर पुन्हा विचार करू."

"बरोबर आहे," मुंगी म्हणाली. "तपासायलाच हवं."

साहेब हसले आणि मामाला म्हणाले, "अहो, या वाटेने आम्ही सगळे रोज जातो. पण वाट पाहिली ती तुमच्या भाचीनेच!"

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी तिघं निघाली. दुसऱ्या वळणावर जिराफाची जीभ बाहेर आली. तिसऱ्यावर चक्क रेडिओ बंद पडली! मुंगी पायडल मारत राहिली. पाठीवरचा तो हात तिला वर वर नेत होता.

वर कुणीच नव्हतं. तळं शांत पसरलं होतं, तिला वाटलं होतं त्याहून लहान आणि खूप निळं. काठावर बसून ती मागे वळणाकडे बघत राहिली. वाट पाहायची तिला सवयच होती. फक्त आज तिला ठाऊक होतं, या वाटेने कोण येणार ते.

खालून धापा टाकल्याचा आवाज आला. मुंगीने हेल्मेट काढलं आणि हात उंच करून जोरजोरात हलवलं.