अकरावा रकाना

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, मला आता काही फरक पडत नाही.

हे माझ्या घरात घडलंय. माझ्या आईच्या बाबतीत घडलंय. आणि माझ्याच घाईमुळे घडलंय.

आणि हो, रात्रबित्र नव्हती. गेल्या वर्षीची गोष्ट. भर दुपारी... चार वाजता.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. लिफ्ट नाही. आईचे गुडघे कामातून गेलेले. उजवा खांदा असा धरलेला की हात कानापर्यंतसुद्धा जायचा नाही. तिचे केस माझी बायको विंचरायची. दोन वर्षांत आई चार वेळा खाली उतरली, चारही वेळा दवाखान्यात जायला. दिवसभर खिडकीत बसायची आणि म्हणायची, "मरायच्या आधी एकदा दारात खुर्ची टाकून बसू दे रे मला."

म्हणून ते बैठं घर बघितलं. तीन खोल्या, समोर छान ऊन. विकणारा माणूस अबोल होता. घर दाखवताना मागच्या खोलीपाशी आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"तुम्ही बघून या," म्हणाला.

मला वाटलं, काय सभ्य माणूस आहे!

कागदपत्रांसाठी एक वकीलबाई गाठल्या. साठीच्या, जाड चष्म्याच्या, बोलायला तिखट. त्यांची एक पद्धत होती. विकणाऱ्याला तेवीस प्रश्नांचा कागद द्यायचा आणि उत्तरं त्याच्याच हाताने लिहून घ्यायची. गळती आहे का, शेजाऱ्याशी वाद आहे का, असलं सगळं. अकरावा प्रश्न होता, विकणाऱ्याशिवाय घरात आणखी कोण राहतं?

बावीस उत्तरं आली. अकरावा रकाना कोरा.

"राहून गेला असेल हो," मी म्हणालो.

"दोनदा परत पाठवला. दोन्ही वेळा कोराच आला. 'कोणी नाही' एवढं लिहायला काय जातं माणसाचं? हे उत्तर आल्याशिवाय मी पुढे सरकणार नाही."

तीन आठवडे गेले. माझं डोकं फिरलं. "बाई, मी घर घेतोय, जनगणना करत नाहीये!"

त्यांनी फाईल बांधली आणि माझ्यासमोर सरकवली. "खुशाल दुसरा वकील करा. पण सही करायच्या आधी त्या घरात एक दुपार एकटे बसून या."

मी बसलो नाही. म्हटलं, या बाईला माझा वेळ खायचाय.

मग मेहुण्याने एक वकील सुचवला. सगळे त्याला झटपट म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं. कोरा रकाना बघून तो खो खो हसला.

"रकाना रिकामा म्हणजे घर रिकामं! एवढ्यासाठी अडवलं होतं तुम्हाला?"

पेन काढलं आणि रकान्यात आडवी रेघ मारली. आठ दिवसांत खरेदीखत हातात. त्याचे पाय धरायचेच काय ते मी बाकी ठेवले होते.

ताबा देताना विकणाऱ्याने किल्ल्या दिल्या. मागच्या खोलीची किल्ली त्यात नव्हती.

"तिला लागत नाही," तो म्हणाला. "कडी आतून आहे."

ती खोली आईला दिली. पहिल्याच सकाळी तिने दारात खुर्ची टाकली, उन्हात पाय सोडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी केली. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

त्याच दुपारी, चार वाजता...

खट्.

मागच्या खोलीची कडी. आतून.

आई दारात खुर्चीवर होती. बायको कामावर. मी दार ढकललं, हाका मारल्या. काही नाही. मग दार आपोआप सैल झालं. आत कोणीच नव्हतं. पलंग नुसता, उघडा. आईचं अंथरूण दिसेना. मी मागे वळलो...

अंथरूण माझ्या पाठीमागे होतं. उंबऱ्याबाहेर, नीट घडी करून.

दुसऱ्या दिवशी चष्मा. तिसऱ्या दिवशी औषधं. मग काठी. सगळं उंबऱ्याबाहेर, एका ओळीत. कोणीतरी पाहुणीला निघायला सांगत होतं.

आई घाबरली नाही. भांडली. माझीच आई ती! रिकाम्या खोलीत उभी राहून ओरडायची, "कागद झालेत बाई! सही-शिक्के झालेत! तू कोण मला बाहेर काढणारी?"

"आई, कोणाशी बोलतेस?"

"आहे एक. मला कोणी विचारलंच नाही, म्हणते."

मी लगेच विकणाऱ्याला फोन लावला. "खरं सांगा, घरात कोण आहे?"

तो म्हणाला, "मी खोटं लिहिलेलं नाही. रेघ तुमच्या वकिलाने मारली."

फोन ठेवला त्याने. झटपटला विचारलं तर तो म्हणाला, "ताबा मिळाला ना साहेब? मग आमचं काम संपलं." असा संताप झाला माझा! पण करतो काय, वकील मीच निवडला होता.

आईला म्हटलं, बाहेरच्या खोलीत झोप. तर म्हणाली, "मी का जाऊ? घर माझंय." आमचं घराणंच तापट, कोणी माघार घेत नाही.

नववा दिवस. चार वाजता...

खट्.

या वेळी आई आत होती.

आतून दोन आवाज येत होते. एक आईचा, चढलेला. दुसरा... अगदी हळू, समजूत काढल्यासारखा. मग आईचाही आवाज हळू झाला.

त्यालाच मी जास्त घाबरलो. खांद्याने धडका देऊन दार तोडलं.

आई पलंगावर होती, भिंतीकडे तोंड करून. अर्धाच पलंग तिने घेतला होता. अर्धा सोडलेला. तिचे केस विंचरलेले होते, घट्ट वेणी घातलेली होती. बायको तर अजून कामावरून आली नव्हती.

आई गेली होती.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. दाराची कडी पार वरच्या टोकाला आहे. माझाच हात तिथे जेमतेम पोचतो.

आम्ही पुन्हा भाड्याने तिसऱ्या मजल्यावर राहतो. बायको त्या घरात पाऊल ठेवत नाही. मी मात्र दुपारी जातो आणि बाहेरच्या खोलीत बसतो. चार वाजता आत कुजबुज सुरू होते. मधेच कोणीतरी खोकतं... आईचा खोकला मी हजारात ओळखेन.

शेवटी तोडलेलं दार दुरुस्त करून घर विकायला काढलं. गिऱ्हाईक भला माणूस आहे. वडिलांना जिने चढवत नाहीत, म्हणून बैठं घर हवंय. त्याची वकील कोण, तर त्याच बाई. तेवीस प्रश्नांचा तोच कागद.

अकराव्या रकान्यात मी लिहिलं, 'कोणी नाही'. कागद तिथेच ठेवून पाणी प्यायला उठलो. परत आलो तर...

माझे शब्द नव्हते. तिथे एकच शब्द होता. थरथरतं, उजवीकडे कललेलं अक्षर. माझ्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर याच अक्षरात सही असायची.

'दोघी.'

कागद फाडला. दुसरा भरला, पुन्हा तेच. मग मी तो रकाना कोरा ठेवूनच पाठवला. बाईंनी अर्थातच परत पाठवला.

काल त्या माणसाचा फोन आला. मी त्या घरातच बसलो होतो.

"अहो, आमच्या वकीलबाई एका रकान्यावर अडून बसल्यात. वडील तिकडे रोज विचारतात, कधी जायचं म्हणून. कोणीतरी दुसरा वकील सुचवलाय, झटपट म्हणतात त्यांना. तुमचं काम त्यांनीच केलं होतं म्हणे. कसे आहेत?"

चार वाजून गेले होते. आतली कुजबुज एकदम थांबली. दोघी ऐकत होत्या.

सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं हो, शपथ.

"काम पटकन करतात," मी म्हणालो.

मागच्या खोलीत आई खोकली. मग कडी लागली.

आज झटपटने रेघ मारलीही. परवा सह्या आहेत. त्यांचे वडील त्याच खोलीत झोपणार आहेत. मी अजून त्यांना फोन केलेला नाही.