निरोप्या थांबायला शिकतो

नीरजाला एक कोडं काही केल्या सुटत नव्हतं. चंद्रावरच्या आईपर्यंत सगळ्यांचं बोलणं नीट पोचायचं, मग तिचंच मध्ये का तुटायचं?

आई चंद्रतळावर मेथी पिकवण्याचा प्रयोग करत होती. इथे भोरजवळच्या चंद्रसंवाद केंद्रात निरोप्या नावाचा यंत्रमानव सगळ्यांचं बोलणं वर पाठवायचा. नीरजा बोलताना अडखळायची. "आई, तू का... का..." एवढं होतंय तोच निरोप्या म्हणायचा, "निरोप पाठवला. धन्यवाद." मग आजोबा सरसावायचे. "अगं, ती म्हणतेय, काम पुरे, आता घरी ये." आजोबा केंद्रातले मोठे शास्त्रज्ञ खरे, पण नातीची वाक्यं पुरी करायची त्यांना भारी हौस.

आज आई म्हणाली, "काम अर्धवट सोडून शुक्रवारच्या यानानं निघते, बाळा. तासाभरात तसं इथल्या प्रमुखांना कळवते."

नीरजा आजोबांकडे वळली. "आजोबा, मी अ... असं..."

"म्हणजे तुला..."

नीरजानं सरळ त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "मी असं म्ह... म्हटलंच नव्हतं."

आजोबा वरमले. मग त्यांनी निरोप्याला धारेवर धरलं. "काय रे, हिला मध्येच का तोडतोस?"

"माझी विराममर्यादा (बोलणं संपलं असं मानण्याआधी मी शांत राहतो तो वेळ) एक सेकंद आहे."

"आणि चंद्रावरून उत्तर यायला किती वेळ लागतो?"

"रेडिओलहरींना जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा. तेवढं थांबावंच लागतं."

"लहरींसाठी थांबतोस, मग पोरीसाठी थांबायला काय झालं?"

"मला घडवताना भराभर बोलणाऱ्यांचेच आवाज ऐकवले होते. थांबायचं कुणी शिकवलं नाही."

आजोबा नीरजाजवळ बसले. "चूक तुझ्या बोलण्याची नव्हती. सगळे सारखेच बोलतात असं आम्ही यंत्रं करणाऱ्यांनी धरून चाललो. यंत्रात सुगम्यता (प्रत्येकाला ते आपापल्या पद्धतीनं वापरता येणं) हवी. मर्यादा किती वाढवू?"

नीरजानं विचार केला. "वाढवू न... नका. बटण द्या. मी धरीन. सो... सोडलं की संपलं."

आजोबा बघतच राहिले. केव्हा संपलं हे बोलणाऱ्यानंच ठरवायचं, इतकी सोपी गोष्ट त्यांना सुचली नव्हती. त्यांनी निरोप्याच्या आज्ञावलीत (यंत्राला दिलेल्या सूचनांत) तसा बदल केला.

नीरजानं बटण दाबून धरलं. आजोबांनी ओठ घट्ट मिटले.

"आई, तू का... का... काम सोडून येऊ नकोस. आठवण ये... येते. पण मेथी उगवल्यावरच ये."

तिनं बटण सोडलं. अडीच सेकंद गेले. आणखी बरेच गेले.

"पलीकडून आवाज नाही," निरोप्या म्हणाला. "संवाद बंद करू?"

"थां... थांब," नीरजा म्हणाली. "ती बोलेल."

निरोप्या थांबला. बऱ्याच वेळानं आईचा भरलेला आवाज आला, "पहिली जुडी तुझी."