नीलाक्कावर पडलेली सावली

भर दुपारी बशीर तांबोळींनी बिराजदार अप्पांच्या बैठकीच्या खिडक्यांवर दोन जाड सोलापुरी चादरी टांगल्या, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं आणि टीव्हीचा पडदा काळा केला. पडद्यामागचे दिवे कमीजास्त झाले की कोपऱ्यातून उजेड झिरपतो, मध्येच पांढुरके ढग दिसतात. पण हे सगळं दिसतं ते अंधारातच. उदगिरात चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त करताना बशीरभाईंनी अशा शेकडो खोल्या काळोख्या केल्या होत्या.

इथं मात्र पडदा शाईसारखा काळाभोर निघाला.

"अप्पा, एकबी डाग नाही की. मग बोलावलंत कशाला?"

डाग नसणारच होता. अप्पांच्या लेकीनं, महानंदानं, दोन महिन्यांपूर्वी हैदराबादहून समप्रकाश पापुद्रा पाठवला होता. काचेवर एकदा चिकटवायचा. त्यातले बारीक ठिपके मागचा उजेड चाचपत राहतात आणि जिथं तो फाजील वाटेल तिथं आपण होऊन गडद होतात. हा पापुद्रा बाजारात आला आणि बशीरभाईंचा निम्मा धंदा बसला.

अप्पा खुर्चीत पुढं सरकले. मग हळूच म्हणाले, "टीव्हीचं नाही रे. माझंच कायतरी बिघडलंय. मला नीलाचा चेहरा दिसंना झालाय."

अप्पांच्या बायकोला, नीलाक्काला, जाऊन सहा वर्षं झाली होती. गल्लीतला पहिला टीव्ही याच बैठकीत आला, तेव्हा रविवारी सकाळी वीस-पंचवीस पोरं इथं कोंबून बसायची. कोण कुणाचा, हे न विचारता नीलाक्का प्रत्येकाच्या हातावर शेंगदाणे-गूळ ठेवायची. छोटा बशीर गच्चीवर अँटेना फिरवायचा आणि ती खालून ओरडायची, "आला, आला, आता हलू नको!" तिथूनच त्याला या धंद्याचा नाद लागला. काय दिवस होते ते!

"महानंदाला सांगितलं," अप्पा म्हणाले, "तर ती म्हणते विसरण्याचा आजार असंल. रविवारी न्यायला येतीय. घर बंद करून कायमचं. जातो म्हणलं. तिचं तोंडच आठवंना, तर इथं राहून काय करू?"

"चेहरा कशात दिसंना? दाखवा मला, काय बघता ते."

अप्पांनी टीव्हीवर एक चित्रफीत लावली; भारनियमनाच्या काळात महानंदानं ती मोबाइलवर काढली होती. कंदिलाजवळ बसून नीलाक्का तूर निवडतेय. सुपातले हात दिसले, हिरव्या बांगड्या दिसल्या. कुणीतरी हाक मारली, तिनं वर पाहिलं आणि चेहऱ्याच्या जागी नुसता काळपट गोळा. बशीरभाई पडद्याजवळ सरकले.

"अप्पा, मलाबी दिसत नाही."

अप्पांनी झटकन मान वळवली. "खरं सांगतोस? मन राखायला बोलू नकोस."

"तुमच्या गळ्याशपथ. एक सांगा, हे तुम्ही कसं बघता? सरळ शेवटपर्यंत?"

"छे. वर बघते तिथं थांबवतो. रोज संध्याकाळी दिवे घालवून बसतो. तास, दोन तास. तिच्याशी बोलतो जरा."

बशीरभाईंनी कपाळाला हात लावला. पापुद्र्याला चित्र कळत नाही, कळतो फक्त उजेड. अंधाऱ्या पडद्यावर रोज त्याच जागी, तासन्‌तास उजेड राहिला तर त्याच्या लेखी तो डाग; ती जागा तो लक्षात ठेवून गडद करतो. अप्पा जितकं डोळे भरून बघत गेले, तितकं तो इमानेइतबारे नीलाक्काला पुसत गेला.

"तुमचं डोकं शाबूत आहे, अप्पा. लेकीला आत्ता फोन लावून सांगतो."

अप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. "मग काढून टाक की ती पीडा."

"काढताना काच फुटते. शिकणं बंद करायची सोय कंपनीनं ठेवलेली नाही. आजवर शिकलेलं मात्र पुसून देतो."

वीस मिनिटं लागली. चित्रफीत पुन्हा सुरू झाली. हाक आली, नीलाक्कानं वर पाहिलं. नाकातली चमकी, कपाळावरची विभूती, आणि 'काय रे बाबा' म्हणणारी तीच ती नजर. तीन सेकंद. मग ती पुन्हा सुपावर वाकली.

बशीरभाईंनी रिमोट अप्पांच्या हातात दिला. ते म्हणाले, "आता एक पाळा. थांबवायचं नाही. किती वेळा बघा, पण तिला चालू द्या. थांबवलंत की पापुद्रा पुन्हा पुसायला लागणार."

अप्पांनी मान डोलावली आणि चित्रफीत पहिल्यापासून लावली. हाक आली. त्यांचा अंगठा रिमोटच्या बटणावर जाऊन टेकला, आणि तेवढ्यात ती वाकलीसुद्धा.

"बशीर," पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "एकदाच थांबवलं, अगदी थोडा वेळ, तर कितीशी पुसंल रे ती?"