मुलाची साखर

पावसाची भुरभुर चुकवायला म्हणून डॉक्टर गिझलान त्या किटल्यांच्या दुकानात शिरली, असं ती पुढे सगळ्यांना सांगत असे. पाऊस तेव्हा थांबलेला होता, हे मात्र ती सांगत नसे.

"सगळ्यात छोटी किटली दाखवा," ती म्हणाली.

दुकानदार अनवारने हातातलं फडकं खाली ठेवलं. "छोटी? पाहुणे येत नाहीत वाटतं तुमच्याकडे?"

"डॉक्टर मंडळासाठी हवीय. माणशी एकच खडा साखर, हे लोकांना दाखवायचंय."

"म्हणजे आमच्या सेफ्रू गावचा चहा बिघडवायला आलेल्या त्या तुम्हीच..." त्याने फडकं उचलून छोटी किटली पुसली, मग पुन्हा पुसली. "एका खड्याचा चहा प्यायचा, तर समोर बसणारं माणूस तरी गोड हवं."

"बांधून द्या," ती म्हणाली. कान तापले होते तिचे.

सेफ्रूत डॉक्टर मोजून सहा, पण मंडळ त्यांचं जुनं आणि हट्टी. साखरेच्या आजाराने गावात कुणाचा पाय गेला होता, कुणाची नजर. म्हणून मंडळ दर गुरुवारी बाजारात टेबल टाकी आणि घरात लागणारा साखरेचा सुळका, म्हणजे निळ्या कागदातली ती शंकूसारखी घट्ट ढेप, घेऊन या, असं बायकांना सांगे. गिझलान पितळी हातोडीने तो फोडायची, आठवड्याला पुरतील तेवढेच खडे वेगळे बांधून द्यायची आणि वर चार शब्द सुनावायची. मंडळाचे म्हातारे अध्यक्ष डॉक्टर अल्लाल कुरकुरत, "पोरी, आधी माणूस बघ, मग साखर." ती नुसती हसायची.

अनवार दर गुरुवारी टेबलापाशी चहा आणून देऊ लागला.

"माझी साखर कधी बघणार?"

"रांगेत या."

"आलो तर काय मिळेल?"

"सुई."

"तुमच्या हातची ना? चालेल." मग जरा थांबून, "तुमची माणसं कुठली?"

"वजद्याची. इथून दिवसभराच्या वाटेवर."

"म्हणजे तुमच्या वतीने बोलायला इथे कुणीच नाही?"

"मी आहे की," ती म्हणाली. त्याने मान डोलावली... फारच समाधानाने.

पुढच्या गुरुवारी रांग संपता संपत नव्हती. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला सुळका टेबलावर ठेवत एक बाई म्हणाली, "मी तामू, अनवारची आई. मुलाची साखर घेऊन आलेय."

सकाळपासून गिझलानला जो तो साखर म्हणजे आजारच सांगत होता. अनवारला?

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून," गाव ज्यांना मानाने लल्ला म्हणे त्या तामू लाजत म्हणाल्या. "जेवणावरून मन उडालंय. झोप नाही."

"आणि तुम्ही इतके दिवस गप्प बसलात? असलं काही लपवतात का?" भीतीने तिचा आवाज चढला. तिने फडकं ओढलं, निळा कागद टरकावला आणि हातोडी हाणली. "हे विष आधी घराबाहेर काढा. उद्या उपाशीपोटी पाठवा त्यांना."

सुळक्याचे तुकडे टेबलभर उडाले.

"समजलं," लल्ला तामू म्हणाल्या आणि अंगावरची शाल सावरून चालू लागल्या. साखर तिथेच राहिली.

रांगेतली म्हातारी हळूच म्हणाली, "डॉक्टरीणबाई, फडक्याला हिरवी फीत होती. मागणीची साखर होती ती."

साखरपुडा वजद्यातही असाच होतो. थोरल्या बहिणीला आलेला सुळका आईने वर्षभर फडताळात जपला होता. आणि हिने भर बाजारात, चाळीस बायकांदेखत, हातोडीने फोडला. गिझलानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही, हे तिला राहून राहून टोचत होतं.

दुपारी तिने सगळे तुकडे त्याच फडक्यात बांधले, वर हिरवी फीत गुंडाळली आणि ती त्यांच्या दारात उभी राहिली. दार अनवारने उघडलं.

"उपाशीपोटीच आहे मी," तो म्हणाला. पण हसू काही त्याला जमलं नाही. "बाजारातून आल्यापासून आईने चहा ठेवला नाही."

गिझलान आत जाऊन लल्ला तामूंच्या पुढ्यात बसली. मान वर होईना.

"लल्ला, मी साखर पाहिली, तुम्हाला पाहिलं नाही. मला फार लाज वाटतेय. माझ्या वतीने बोलायला इथे कुणी नाही, म्हणून माफीही मीच मागते. ही साखर मला ठेवून घ्यायची होती... पण ती मीच फोडली."

"चाळीस बायकांसमोर फोडलीस."

"हो."

"त्या आता दारोदार सांगतील, तामूच्या मुलाला नाकारलं म्हणून."

"गुरुवारी त्याच रांगेला मी सांगेन."

"काय सांगशील?"

"की मला अनवार हवेत. आणि मी मूर्ख आहे."

दाराआड किटलीचं झाकण खणकन पडलं.

लल्ला तामूंनी फडकं सोडलं. "साखर फोडायचीच असते," त्या म्हणाल्या, "पण चहा ठेवल्यावर." मग त्यांनी पाणी चढवलं, पुदिना खुडला. "किती खडे?"

"ए—" गिझलान अडखळली. पहिल्यांदाच तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. डोळे रडून सुजले होते. "तुम्ही घालाल तितके."

लल्ला तामूंनी चार घातले, आणि ती पिते की नाही, ते बघत बसल्या. गिझलानने घोट घोट करत सगळा पेला संपवला.

"मंडळाला कळता कामा नये," अनवार मागून पुटपुटला.

"कळणार," ती खाली बघत म्हणाली. "तेही गुरुवारी सांगेन."