भोंबूची खुंटी

दोन खुंट्यांना बांधलेल्या पाहुण्याची एक खुंटी काढली, तर पाहुणा किती सुटतो? शाल्मलीचं उत्तर होतं : अर्धा.

पाहुण्याचं नाव भोंबू. परग्रहावरचा. आकाराने भोपळ्याएवढा, हवेपेक्षा हलका. "मला बांधा हो, घरी मी सारखा सुटतो," एवढंच त्याचं मागणं. शाल्मलीच्या शास्त्रज्ञ आजोबांनी दोरीची दोन्ही टोकं त्याच्या कमरेला बांधली आणि मधली दोरी अंगणाच्या भिंतीतल्या दोन खुंट्यांभोवती गुंडाळली. तेव्हापासून तो तिथे तरंगत शाल्मलीला चुकीचे पाढे शिकवायचा. शाळेतून आली की ती आधी त्याच्याकडे जायची, मग जेवायला.

आज तिची विटी हरवली. तिने विटी म्हणून एक खुंटी उपटली.

दोरी सुळ्ळकन निसटली. "शालू, माझे शेंगदाणे खाऊ नकोस गं!" असं ओरडत भोंबू ढगात गेला.

"दुसरी खुंटी होती ना, आजोबा!" शाल्मली रडायला लागली.

आजोबांनी खुंटी परत ठोकली, नवी दोरी आणली. "बघ. पहिलीला उजवा वेढा, दुसरीला उजवा. मग पहिलीला डावा, दुसरीला डावा. आता दुसरी नाहीच, असं समज. काय उरलं?"

"पहिलीला एक उजवा, एक डावा... म्हणजे काहीच नाही!"

"या हिशेबाला मूलभूत गट म्हणतात (कुठला वेढा सुटतो, कुठला अडकतो याचं गणित)."

"मग साधा वेढा का नाही घातलात?"

आजोबांनी दोरी सोडवून हातावर गुंडाळली. "साधा टिकला असता गं. पण त्याचं कुणी कौतुक केलं नसतं."

मग हळूच म्हणाले, "त्याच्या घरी आपल्याहून जास्त दिशा. खुंट्यांच्या जागी वक्ररेषा. दोन रेषा एकमेकींना छेदतात त्या विलक्षण बिंदूपाशी (रेषेचा गुळगुळीतपणा मोडतो ती जागा) हा वेढा काहीही न उपटता सुटतो."

"म्हणून तो आपल्याकडे आला होता?"

"हो. इथे तरी टिकेल म्हणून."

शाल्मलीने नाक पुसलं. "आणि रेषा चोचीसारखी टोकदार होते, तिथे?"

"तोही विलक्षण बिंदूच. पण तिथे नाही सुटत."

"हे त्याला सांगायला हवं होतं, आजोबा."

संध्याकाळी दोघं चुन्याची बादली घेऊन गच्चीवर चढली. वरून दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत शाल्मलीने लिहिलं : 'चोचीपाशी राहा. नाहीतर इकडेच ये, साधा वेढा घालते.'

शेंगदाण्यांचा डबा तिने उघडा ठेवला. एकही खाल्ला नाही.